गावच्या शाळेत आधी, शहरात नंतर: विक्रम साराभाईंनी टीव्हीचा उलटा विचार का केला?

1975 साली महाराष्ट्रात टीव्ही दिसायचा तो मुंबईत आणि पुण्याच्या आसपास. नागपूर, कोल्हापूर, सोलापूर या शहरांतल्या बहुतेक लोकांनी टीव्हीबद्दल फक्त ऐकलं होतं. पण त्याच वर्षी, सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतल्या काही खेड्यांमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं वर्गात बसून टीव्हीवर कन्नडमधून कार्यक्रम बघत होती. जवळपास कुठेही टीव्हीचा मनोरा नव्हता. चित्र थेट उपग्रहावरून येत होतं.

फक्त विजापूर-गुलबर्गाच नाही, तर ओडिशा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक अशा सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांमध्ये हे घडत होतं. ही गावं मुद्दाम मागास भागांतून निवडलेली होती. या प्रयोगाचं नाव होतं सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, म्हणजेच 'साइट'.

हा प्रयोग ज्यांच्या डोक्यातून निघाला ते डॉ. विक्रम साराभाई मात्र तो बघायला हयात नव्हते. प्रयोग सुरू होण्याच्या साडेतीन वर्षं आधीच त्यांचं निधन झालं होतं.

साराभाई म्हटलं की आपल्याला इस्रो आणि रॉकेट आठवतं. पण त्यांना रॉकेट कशासाठी हवं होतं, हे समजून घ्यायचं असेल तर गावच्या शाळेपर्यंत जावं लागतं.

घरातच भरणारी शाळा

विक्रम साराभाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबादमध्ये झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक, शहरातलं बडं प्रस्थ. आई सरलादेवी. आठ भावंडं.

घर श्रीमंत होतं, पण नुसतं श्रीमंत नव्हतं. अंबालाल यांची बहीण अनसूया साराभाई गिरणी कामगारांच्या बाजूने उभी राहिली. 1918 च्या अहमदाबादच्या संपात गांधीजींच्या सोबत ती कामगारांच्या बाजूला होती आणि तिचा सख्खा भाऊ मालकांच्या बाजूला. विक्रम यांची थोरली बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली आणि तुरुंगात गेली. एकाच घरात गिरणीमालक, कामगार पुढारी आणि सत्याग्रही असे तिघेही होते.

मुलांच्या शिक्षणाबाबत सरलादेवींची मतं ठाम होती. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा त्यांच्यावर प्रभाव होता. बाहेरच्या शाळेत मुलांना घालण्याऐवजी त्यांनी शाहीबागेतल्या आपल्या 'रिट्रीट' या बंगल्यातच शाळा सुरू केली. भाषा, विज्ञान, चित्रकला, नृत्य, बागकाम अशा प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक होता. मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून घरात कार्यशाळाही होती. विक्रम यांनी तिथे लहानपणी चालणाऱ्या रेल्वे इंजिनाची प्रतिकृती तयार केली होती.

हे सगळं अत्यंत मोजक्या मुलांच्या वाट्याला येणारं होतं. चांगला शिक्षक आणि हाताळायला मिळणारी साधनं यांनी मुलाचं काय होतं, हे साराभाईंनी स्वतःवरच अनुभवलं. पुढे आयुष्यभर ते एका प्रश्नाकडे वेगवेगळ्या वाटांनी येत राहिले. ज्या गावात चांगला शिक्षक पोहोचत नाही, प्रयोगशाळा नाही, कधी कधी वीजही नाही, तिथल्या मुलापर्यंत यातलं काय आणि कसं पोहोचवायचं?

वैश्विक किरणं आणि कापडगिरण्या

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ शिकून साराभाई केंब्रिजला गेले. प्रवेशासाठीच्या शिफारसपत्रांपैकी एक रवींद्रनाथ टागोरांचं होतं. 1940 साली त्यांनी नैसर्गिक विज्ञानातली पदवी घेतली. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं, म्हणून ते भारतात परतले आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर संशोधन करू लागले. त्याच शहरात त्यांची ओळख नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी झाली आणि 1942 साली दोघांचं लग्न झालं. युद्ध संपल्यावर साराभाई पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 साली डॉक्टरेट घेऊन परत आले.

त्यानंतरची त्यांची कामाची यादी बघितली तर ती एका माणसाची वाटत नाही. नोव्हेंबर 1947 मध्ये अहमदाबादच्या एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटच्या काही खोल्यांमध्ये त्यांनी फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे पीआरएल सुरू केली. तेव्हा त्यांचं वय होतं 28. त्याच सुमारास कापडगिरण्यांच्या संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्था उभी राहिली, तिचीही सुरुवात त्यांनीच करून दिली. 1949 साली मृणालिनींसोबत 'दर्पण' ही नृत्यसंस्था सुरू केली. 1961 साली अहमदाबादचं आयआयएम सुरू झालं, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

या सगळ्या उद्योगांतून त्यांची एक पद्धत तयार झाली. भौतिकशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, व्यवस्थापक आणि कलाकार यांना एकाच टेबलाभोवती बसवायचं. अटिरामध्येही त्यांनी यंत्रांसोबत गिरणीत काम करणाऱ्या माणसांच्या वागणुकीचा अभ्यास सुरू करवला. नवं यंत्र आणून ठेवलं की काम संपत नाही, ते वापरणाऱ्या माणसाचं काय होतं हे बघावं लागतं, हा धडा त्यांना गिरण्यांनी दिला. तो पुढे गावच्या टीव्हीसाठी कामाला आला.

गरीब देशाला रॉकेट कशाला?

1962 साली सरकारने अवकाश संशोधनासाठी 'इन्कोस्पार' ही समिती नेमली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असलेलं केरळमधलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव रॉकेट सोडण्यासाठी निवडलं गेलं. जागा शोधण्याच्या कामात कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे जुने सहकारी आघाडीवर होते. गावातलं सेंट मेरी मॅग्डलीन चर्च बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने या कामासाठी मिळालं आणि तिथेच पहिलं कार्यालय थाटलं गेलं. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेकडून मिळालेलं 'नाइकी-अपाची' होतं.

ज्या देशाला धान्य आयात करावं लागतंय त्याने आकाशात पैसे का उडवायचे, हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला जायचा आणि तो चुकीचा नव्हता. साराभाईंनी या प्रश्नाला बगल दिली नाही. चंद्रावर माणूस पाठवण्यात किंवा मोठ्या देशांशी चढाओढ करण्यात भारताला रस नाही, हे ते स्पष्टपणे मांडत. अवकाश तंत्रज्ञान हवं ते हवामानाच्या अंदाजासाठी, जमीन आणि पाण्याच्या पाहणीसाठी आणि दळणवळणासाठी. दळणवळणातही त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी होतं ते शिक्षण.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. श्रीमंत देशांनी शाळा, शिक्षक, ग्रंथालयं, रस्ते, टेलिफोन हे सगळं शंभर-दीडशे वर्षांत पायरीपायरीने उभं केलं. भारताने तोच जिना त्याच गतीने चढायचा ठरवला तर अनेक पिढ्या वाया जातील. मधल्या काही पायऱ्या गाळता येतील असं तंत्रज्ञान हाताशी असेल तर ते वापरायला हवं.

टीव्ही आधी कुठे न्यायचा?

साराभाईंचा खरा वेगळेपणा दिसतो तो इथे.

भारतात टीव्ही 1959 साली दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला होता. 1961 पासून दिल्लीतल्या शाळांसाठी धड्यांचं प्रसारणही होऊ लागलं. टीव्ही पुढे वाढवायचा तर साधा मार्ग उघड होता. आधी मोठ्या शहरात मनोरा उभारायचा, मग छोट्या शहरात, मग तालुक्याला. एका मनोऱ्याचा टप्पा साधारण काही दहा किलोमीटरचा. या हिशेबाने डोंगराआडच्या वाडीचा नंबर सगळ्यात शेवटी लागणार आणि तो लागायला किती दशकं जातील याचा नेम नाही.

साराभाईंनी हे उलटं करायचं सुचवलं. शहरात वर्तमानपत्रं आहेत, सिनेमा आहे, कॉलेज आहे. माहितीचा दुष्काळ आहे तो गावात. मग टीव्हीची जास्त गरज कोणाला?

मनोऱ्यांच्या मार्गाने गावाला आधी टीव्ही देणं परवडणारं नव्हतं. उपग्रहाने ते गणित बदलत होतं. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे जमिनीवरून तो एकाच जागी स्थिर दिसतो. त्याच्यासाठी दिल्ली आणि दंतेवाड्याजवळचं खेडं यांत फरक नसतो. सिग्नल दोन्हीकडे सारखाच पोहोचतो. संपूर्ण देशाला टीव्ही द्यायचा असेल तर केवळ मनोऱ्यांपेक्षा उपग्रह आणि काही मनोरे अशी मिश्र व्यवस्था स्वस्त पडेल, असं त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसत होतं. 1969 साली दिल्लीतल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत साराभाईंनी विकासासाठी टीव्ही या विषयावर निबंध वाचला आणि हा सगळा विचार सविस्तर मांडला.

सुरुवात 80 गावांपासून

फक्त निबंध वाचून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हते. जानेवारी 1966 मध्ये होमी भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद साराभाईंकडे आलं. अवकाश कार्यक्रम तेव्हा अणुऊर्जा खात्याच्याच अखत्यारीत होता.

उपग्रह मिळायला वेळ लागणार होता. तोवर गावात टीव्हीचं काय होतं हे तरी बघून घेऊ, म्हणून 26 जानेवारी 1967 पासून दिल्लीच्या आसपासच्या 80 गावांमध्ये सामुदायिक टीव्ही संच बसवून शेतीचा कार्यक्रम सुरू झाला. हाच तो 'कृषी दर्शन'. पुढे कित्येक दशकं चाललेल्या या कार्यक्रमाची सुरुवात अणुऊर्जा खातं, आकाशवाणी आणि शेतीशास्त्रज्ञ यांच्या एकत्र प्रयोगातून झाली, हे आज फारसं कोणाला आठवत नाही.

त्याच वर्षी अहमदाबादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उपग्रह दळणवळणाचं प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं. इथे भारतीय अभियंते या तंत्रात तयार झाले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आर्वी इथे देशाचं पहिलं व्यावसायिक भूकेंद्र उभं करण्याची जबाबदारीही साराभाईंच्या चमूने घेतली. या केंद्राला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं.

त्याच काळात अहमदाबादमध्ये त्यांनी एक छोटं पण महत्त्वाचं काम केलं. शाळेतल्या मुलांना विज्ञान हाताळायला मिळावं म्हणून त्यांनी शिक्षक आणि संशोधकांना एकत्र आणून कम्युनिटी सायन्स सेंटर सुरू केलं. 1968 च्या डिसेंबरमध्ये त्याच्या पायाभरणीला सी. व्ही. रामन आले आणि आकाश निळं का दिसतं यावर त्यांनी मुलांसमोर व्याख्यान दिलं.

नासासोबतचा करार

भारताकडे उपग्रह नव्हता आणि तो सोडणारं रॉकेटही नव्हतं. अमेरिकेच्या नासाकडे 'एटीएस-6' नावाच्या एका प्रायोगिक उपग्रहाची योजना होती. साधे उपग्रह तेव्हा इतका क्षीण सिग्नल देत की तो पकडायला जमिनीवर प्रचंड मोठी तबकडी लागायची. एटीएस-6 वर मात्र छत्रीसारखी उघडणारी नऊ मीटर व्यासाची तबकडी असणार होती. वरचा सिग्नल जोरदार असेल तर खाली छोटी तबकडीही पुरते.

नासाला हे तंत्र एखाद्या मोठ्या देशात पारखून बघायचं होतं आणि साराभाईंना उपग्रह हवा होता. 18 सप्टेंबर 1969 रोजी नासाचे प्रमुख थॉमस पेन आणि साराभाई यांनी करारावर सह्या केल्या. इस्रोची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

करारातली कामाची वाटणी महत्त्वाची होती. अमेरिका एक वर्षासाठी उपग्रह वापरायला देणार. जमिनीवरचं सगळं, म्हणजे भूकेंद्र, गावातले संच, त्यांची देखभाल आणि कार्यक्रम, भारत स्वतः करणार. तयार माल आयात करून वर्षभर दाखवला असता तर वर्ष संपल्यावर हातात काहीच उरलं नसतं. साराभाईंना टीव्हीइतकीच तो बनवणारी आणि सांभाळणारी माणसं हवी होती.

कोवलममधली रात्र

1971 च्या अखेरीस साराभाईंवर कामाचा प्रचंड बोजा होता. अणुऊर्जा आयोग आणि इस्रो ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, शिवाय अहमदाबादच्या संस्था होत्याच. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, तिरुवनंतपुरम असा अखंड प्रवास चालायचा. एका माणसाने इतक्या संस्था एकदम हाताळू नयेत, अशी टीकाही त्यांच्यावर व्हायची.

डिसेंबरच्या शेवटी ते रॉकेटच्या कामाचा आढावा घ्यायला तिरुवनंतपुरमला आले आणि कोवलमच्या समुद्रकाठच्या हॅलसियन कॅसलमध्ये मुक्कामाला थांबले. 30 डिसेंबर 1971 रोजी सकाळी ते त्यांच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. वय अवघं 52.

इस्रोची सूत्रं पुढे सतीश धवन यांच्याकडे आली. अहमदाबादमधल्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक यशपाल आणि 'साइट'चं व्यवस्थापन सांभाळणारे एकनाथ चिटणीस यांनी साराभाईंचा टीव्हीचा प्रयोग पूर्ण करायचं मनावर घेतलं.

गावात नेमकं काय आलं?

एटीएस-6 उपग्रह 30 मे 1974 रोजी सोडण्यात आला. पहिलं वर्ष तो अमेरिकेसाठी वापरला गेला आणि 1975 मध्ये भारतावरून दिसेल अशा जागी सरकवण्यात आला. 1 ऑगस्ट 1975 रोजी प्रक्षेपण सुरू झालं.

गावात बसवलेली तबकडी सुमारे तीन मीटर व्यासाची होती आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. जाळी स्वस्त, हलकी आणि वाऱ्याला न अडवणारी. सिग्नल परतवायला ती पुरेशी होती. तबकडीवरून सिग्नल एका छोट्या उपकरणात यायचा आणि तिथून टीव्ही संचात. हे संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवले. ते गावच्या शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवले गेले. जिथे वीज नव्हती अशा काही गावांमध्ये ते बॅटरीवर चालायचे.

भाषेचा प्रश्नही होता. सहा राज्यांत हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषा लागत होत्या आणि उपग्रहावर चित्राची वाहिनी होती एकच. पण तिच्यासोबत आवाजाच्या दोन वाहिन्या होत्या. त्यामुळे एकाच चित्राला दोन भाषांचा आवाज देता यायचा आणि दोन गावांतले लोक तेच चित्र आपापल्या भाषेत ऐकू शकायचे. बाकी वेळी दिवसाचे तास भाषांमध्ये वाटून घेतले गेले.

सगळ्यात अवघड होती ती देखभाल. मैलोन्मैल कच्चे रस्ते, पावसाळा, विजेचे झटके, उंदरांनी कुरतडलेल्या तारा. संच बंद पडला आणि महिनाभर कोणी आलं नाही तर गावाचा विश्वास उडतो. म्हणून ठिकठिकाणी दुरुस्ती केंद्रं उभारून तंत्रज्ञ आणि जीप तैनात केल्या गेल्या. परिणामी बहुतेक गावांतले संच बहुतेक दिवस चालू राहिले.

सकाळची शाळा

दिवसात एकूण चार तास प्रसारण होई. संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी असत, त्यात शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या आणि करमणूक होती. हा आणीबाणीचा काळ होता, त्यामुळे सरकारी प्रचारही त्यात येत राहिला.

सकाळचा दीड तास मात्र पूर्णपणे 5 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी होता. चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटं. इथे एक शहाणपणाचा निर्णय घेतला गेला. टीव्हीवरून पाठ्यपुस्तकातले धडे शिकवायचे नाहीत. कारण अनेक गावांत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळत होता आणि चार इयत्तांची मुलं एकाच संचासमोर बसणार होती. एका इयत्तेचा धडा बाकी तिघांना निरुपयोगी ठरला असता. त्याऐवजी मुलांचं कुतूहल जागं होईल आणि आजूबाजूच्या गोष्टींतलं विज्ञान दिसेल असे कार्यक्रम करायचं ठरलं. विज्ञानाच्या कार्यक्रमांसाठी इस्रोने मुंबईत स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवला आणि वैज्ञानिक, शिक्षक व तरुण चित्रपटकारांना एकत्र बसवलं.

शिक्षकांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. उपग्रहाच्याच मदतीने, सोबत रेडिओ आणि छापील साहित्य वापरून, सुमारे 12 दिवसांचं प्रशिक्षण आखलं गेलं आणि दोन फेऱ्यांमध्ये जवळपास 48 हजार प्राथमिक शिक्षकांना ते देण्यात आलं. शिक्षकांना जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावण्याऐवजी प्रशिक्षणच त्यांच्या गावाजवळ आलं.

हिशेब काय निघाला?

साराभाईंच्या पद्धतीप्रमाणे प्रयोगासोबत समाजशास्त्रज्ञांची मोठी तुकडी कामाला लागली होती. काही संशोधक तर गावांमध्ये जाऊन राहिले. त्यांनी जे मांडलं ते ना टाळ्या वाजवणारं होतं, ना प्रयोग फसला असं सांगणारं.

शाळेतल्या मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली. नव्या गोष्टी जाणून घेण्याची त्यांची ओढ वाढलेली दिसली. मोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त फायदा झाला तो निरक्षरांना आणि विशेषतः आरोग्याच्या बाबतीत बायकांना. वाचता येत नसल्यामुळे ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचलं.

पण शाळेची पटसंख्या टीव्हीमुळे वाढली नाही आणि मुलांची गळतीही थांबली नाही. मुलगी शाळेत न येता घरी धाकट्या भावाला सांभाळत असेल, तर वर्गातला टीव्ही तिला परत आणू शकत नव्हता. शेतीतही नवी माहिती मिळाली म्हणून लगेच नवं बियाणं पेरलं गेलं असं झालं नाही. त्यासाठी पैसा, पाणी आणि बियाणं हाताशी लागतं. संध्याकाळची गर्दीही नव्याची नवलाई ओसरल्यावर घटली.

तंत्रज्ञान काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, याचा इतका प्रामाणिक ताळेबंद त्या काळात जगात फार कमी ठिकाणी मांडला गेला होता.

उपग्रह परत गेला, मग?

31 जुलै 1976 रोजी वर्ष संपलं. उपग्रह अमेरिकेचा होता, तो परत नेण्यात आला. काही भागांत जमिनीवरचे मनोरे उभारून प्रसारण चालू ठेवण्यात आलं, पण अनेक गावांतला पडदा काळा झाला. ज्या मुलांनी वर्षभर सकाळी टीव्ही बघितला होता, त्यांच्यासाठी प्रयोग संपला होता. कोणत्याही प्रायोगिक योजनेची ही सगळ्यात बोचरी बाजू असते.

प्रयोगाने मागे ठेवली ती माणसं. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या पिज इथल्या छोट्या केंद्रातून गावकऱ्यांनाच सहभागी करून घेणारे कार्यक्रम अनेक वर्षं चालले आणि 1984 साली त्या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. जमिनीवरचं काम शिकलेल्या अभियंत्यांच्या बळावर भारताने स्वतःच्या उपग्रह मालिकेची आखणी केली. 1983 साली 'इन्सॅट-1बी' अवकाशात गेला आणि शाळांसाठीचं प्रसारण पुन्हा सुरू झालं. या वेळी त्यात महाराष्ट्रही होता. मराठी कार्यक्रम बनवण्यासाठी 1984 साली पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली. ऐंशी-नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सकाळी बालचित्रवाणी बघितलेल्या पिढीचं नातं असं थेट साराभाईंच्या 1969 च्या निबंधाशी लागतं. ही संस्था 2017 मध्ये बंद करण्यात आली.

1984 च्याच सुमारास देशातल्या निवडक शाळांमध्ये 'क्लास' या सरकारी योजनेतून पहिल्यांदा संगणक आले. 2004 साली फक्त शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह सोडला गेला. त्यानंतर डिजिटल शाळा, टॅब, इंटरनेट आले. 2020 मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा लक्षात आलं की असंख्य मुलांकडे ना स्मार्टफोन आहे, ना रेंज. त्या वेळी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू करावी लागली. डेटा न लागणारा, एकाच वेळी सगळ्या गावांत दिसणारा टीव्ही पुन्हा उपयोगी पडला.

साराभाईंकडून काय घ्यायचं?

थुंब्याचं अवकाश केंद्र, आर्वीचं भूकेंद्र, चंद्रावरचं एक विवर आणि चांद्रयानाचा 'विक्रम' लँडर अशा अनेक ठिकाणी आज साराभाईंचं नाव आहे. 1966 साली त्यांना पद्मभूषण आणि मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण गावच्या शाळेत संगणक, टॅब किंवा इंटरनेट नेण्याची एखादी नवी योजना जाहीर झाली की त्यांच्या प्रयोगातले चार प्रश्न विचारून बघावेत. सगळ्यात दूरच्या शाळेचा नंबर यात पहिला आहे की शेवटचा? मुलांच्या भाषेतलं साहित्य तयार आहे का? शिक्षकाला आधी शिकवलंय का? आणि यंत्र बंद पडलं तर दुरुस्त करायला कोण, किती दिवसांत येणार?

1975 साली या चारही प्रश्नांची उत्तरं संच गावात पोहोचायच्या आधी शोधली गेली होती. संचापुरतीच तयारी करून भागलं असतं, तर साराभाईंना गिरणीतल्या माणसांपासून सुरुवात करावी लागली नसती.